तीन मतांची सीट: सेंट्रल फिन्सबरीची ३३ वर्षं

दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले, एवढं आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं. कुठून उभे होते, कोणाला पाडलं, किती मतांनी पाडलं आणि पुढच्या वेळी त्यांचं काय झालं, हे विचारलं की मात्र गाडी अडते. उत्तरं चार शब्दांत देता येतात: लंडनमधलं सेंट्रल फिन्सबरी, कॅप्टन पेंटन, ३ मतांनी, आणि १८९५ ला पडले. पण त्या ३ मतांचा उलगडा दादाभाईंच्या चरित्रापेक्षा त्या मतदारसंघाच्या चरित्रात जास्त सापडतो. हा मतदारसंघ १८८५ मध्ये जन्माला आला आणि १९१८ मध्ये नकाशावरून गेला. अवघी ३३ वर्षं. तेवढ्यात सहा खासदार झाले आणि सीट पाच वेळा या पक्षाकडून त्या पक्षाकडे गेली.

मूळ फिन्सबरी हा १८३२ च्या सुधारणा कायद्याने तयार झालेला मोठा मतदारसंघ. लंडन शहराच्या जुन्या हद्दीच्या उत्तरेला पसरलेला, दोन खासदार पाठवणारा. स्वभावाने पहिल्यापासून तिखट. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक सुरू करणारे डॉक्टर टॉमस वेकली इथून १८३५ मध्ये निवडून आले ते १८५२ पर्यंत टिकले. त्यांचे जोडीदार टॉमस डन्कम्ब यांनी १८४२ मध्ये चार्टिस्ट चळवळीचा तो अवाढव्य अर्ज सभागृहात सादर केला. सगळ्या पुरुषांना मत द्या, गुप्त मतदान घ्या अशा मागण्यांखाली ३० लाखांहून जास्त सह्या होत्या.

मग १८८५ ची पुनर्रचना आली. पुनर्रचना म्हणजे काय आणि तिने कोणाचं भलं होतं, कोणाचं वाटोळं होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. दोन खासदारांचे मोठे मतदारसंघ तोडून बहुतेक ठिकाणी एक खासदार, एक विभाग अशी रचना आली. फिन्सबरीचे तुकडे पडले: हॉलबर्न, पूर्व आणि मध्य. मध्य म्हणजेच सेंट्रल फिन्सबरी, आणि त्याचा गाभा म्हणजे क्लार्कनवेल.

क्लार्कनवेल ही कारागिरांची वस्ती. घड्याळं जुळवणारे, सोनार, नक्षीकाम करणारे, छापखान्यांतले कामगार, आणि एका कोपऱ्यात इटालियन लोकांची दाट वस्ती. अरुंद गल्ल्या, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाड. मध्यभागी क्लार्कनवेल ग्रीन हा चौक होता. सभा भरवायची, मोर्चा काढायचा तर इथूनच. पुढे १९०२-०३ मध्ये लेनिनने आपलं ‘इस्क्रा’ हे रशियन वृत्तपत्र याच चौकातल्या एका छापखान्यात छापून घेतलं. हे ऐकून वाटेल, की मग ही सीट डाव्या विचारांचा बालेकिल्ला असणार. तसं अजिबात नव्हतं, आणि त्याचं कारण मतदारयादीत आहे.

मत कोणाला होतं?

१८९२ च्या ब्रिटनमध्ये बायकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हतं. पुरुषांतही दहांतल्या साधारण सहांनाच होतं. शहरी भागात घर स्वतंत्रपणे राखणारा, मग मालक असो की भाडेकरू, त्याला मत. पण त्या घरात ठरावीक तारखेपर्यंत १२ महिने राहिलेला पाहिजे. गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली की नाव कटलं. बापाच्या घरात राहणारा कमावता मुलगा किंवा मालकाच्या घरात राहणारा नोकर, बहुधा मत नाही. खोली घेऊन राहणाऱ्याला मत मिळू शकायचं, पण बिनसामानाच्या खोलीचं वर्षाचं मोल किमान १० पौंड हवं, आणि हक्क दर वर्षी नव्याने सांगायला हवा.

आता क्लार्कनवेलसारखी वस्ती डोळ्यांपुढे आणा. काम संपलं की कारागीर उठून दुसऱ्या मोहल्ल्यात जाणार. वर्षाची अट इथेच त्याला गाठायची. उलट ज्याचा तिथे कारखाना किंवा दुकान आहे आणि जो सात मैलांच्या आत कुठल्यातरी बऱ्या उपनगरात राहतो, त्याला धंद्याच्या जागेवरून इथे मत मिळायचं, आणि घरावरून तिकडेही एक मिळायचं. म्हणजे सभेला गर्दी करणारे वेगळे आणि यादीत नाव असणारे वेगळे.

त्यामुळे निवडणूक प्रचारात जिंकली जायची त्याआधी यादीत जिंकली जायची. दर वर्षी कच्ची यादी लागायची, मग शरद ऋतूत एक वकील ती तपासायला बसायचा. दोन्ही पक्षांचे एजंट कागद घेऊन हजर. आपल्या माणसाचं नाव आत घालायचं, समोरच्याच्या माणसावर हरकत घ्यायची: हा मे महिन्यात घर सोडून गेला, याने मदत घेतली, याची खोली तेवढ्या मोलाची नाही. कंटाळवाणं, किचकट काम. पण काठावरच्या सीटवर निकाल ठरायचा तो बराचसा याच टेबलावर. सेंट्रल फिन्सबरी तर जन्मापासून काठावरच.

पहिले दोन डाव

१८८५ ची पहिली निवडणूक हॉवर्ड स्पेन्स्ली या लिबरल उमेदवाराने जिंकली. हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत राजकारण करून आलेले वकील. वर्षभर होतंय न होतंय तोच आयर्लंडला स्वराज्य द्यायचं की नाही यावर लिबरल पक्ष उभा फुटला, सरकार पडलं, आणि १८८६ च्या उन्हाळ्यात पुन्हा मतदान. देशभर लिबरलांची दाणादाण उडाली. इथे हुजूर (म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे कॅप्टन फ्रेडरिक टॉमस पेंटन थोडक्यात निवडून आले. पेंटन म्हणजे ज्यांच्या नावावरून पेंटनव्हिल हा भाग ओळखला जातो त्याच जमीनदार घराण्यातले. मतदारसंघातले कितीतरी मतदार त्यांच्या घराण्याच्या जमिनीवरच राहत असणार. घरचं मैदान म्हणतात ते हेच.

त्याच १८८६ मध्ये, शेजारच्या हॉलबर्नमधून, साठीला आलेला एक मुंबईकर पारशी लिबरल पक्षातर्फे उभा होता. एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि पदार्थविज्ञान शिकवलेला, १८४९ मध्ये मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींच्या शाळा काढणाऱ्या तरुण मंडळींतला एक, बडोद्याचं दिवाणपद पाहून आलेला. हॉलबर्न ही वकिलांची, हुजुरांची पक्की सीट. दादाभाईंना १९५० मतं पडली, समोरच्या कर्नल डंकन यांना ३६५१. आपल्याकडे अशा उमेदवाराला ‘बळीचा बकरा’ म्हणतात.

दादाभाईंनी मात्र त्यातून धडा घेतला. पुढची सीट नीट निवडायची आणि तिथे वर्षानुवर्षं पाय रोवून बसायचं. त्यांनी निवडलं सेंट्रल फिन्सबरी, कारण ती हलणारी सीट होती.

पंतप्रधानांची मदत

१८८८ च्या अखेरीस पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिनबरोच्या सभेत हॉलबर्नचा हिशेब मांडत होते. तिथल्या पोटनिवडणुकीत हुजूर पक्षाचं मताधिक्य घटलं होतं. सॉल्झबरी म्हणाले की मागच्या वेळी आपल्या उमेदवारासमोर ‘एक काळा माणूस’ होता, म्हणून अंतर मोठं होतं. ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल इतकी अजून आपली मजल गेलेली नाही.

लिबरल पुढाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. ग्लॅडस्टनसह अनेकांनी झोडपून काढलं, दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, वर्तमानपत्रांतून तर दादाभाईंपेक्षा सॉल्झबरीच सावळे दिसतात असे टोमणे निघाले. (त्या टोमण्यांतही रंगाचीच फूटपट्टी होती, हे आज खटकतं.) ज्या माणसाचं नाव घेताना इंग्रजांची जीभ अडखळायची, तो एका वाक्याने घराघरांत पोचला.

मग तिकीट सहज मिळालं असेल? छे. १८८८ मध्येच स्थानिक लिबरल मंडळाने दादाभाईंना निवडलं होतं, पण ती निवड एका गटाने मानली नाही. रिचर्ड ईव्ह नावाचे दुसरे लिबरल उमेदवार उभे ठाकले. मीच अधिकृत, असं दोघांचंही म्हणणं. पक्षाच्या वरच्या कार्यालयाने हात झटकले. वर्षानुवर्षं एका सीटवर एकाच पक्षाचे दोन उमेदवार, दोघांच्या समित्या, दोघांची पत्रकं. ईव्ह यांनी माघार घेतली ती १८९२ ची निवडणूक तोंडावर आल्यावर. बंडखोरी, मनधरणी, शेवटच्या घटकेला अर्ज मागे, हा खेळ आपण काही शोधून काढलेला नाही.

प्रचार कशावर झाला? भारतावर झाला असेल असं आपण धरून चालतो. भारताचा विषय होता, पण क्लार्कनवेलचा घड्याळजी भारतासाठी मत का देईल? दादाभाईंनी आयर्लंडच्या स्वराज्याला पाठिंबा दिला, कामगारांचे तास, लंडनचा कारभार, घरांचे प्रश्न यांवर भूमिका घेतल्या. स्थानिक क्लब, मंडळं, सभा, सगळीकडे जात राहिले. बायकांच्या मतदानाच्या हक्काचे ते समर्थक. बायकांना मत नव्हतं, पण दारोदार फिरून दुसऱ्यांची मतं आणायला कायद्याची बंदी नव्हती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी पाठिंब्याचं पत्र दिलं.

जुलै १८९२ मध्ये मतदान झालं. त्या काळी देशभर एका दिवशी मतदान होत नसे, तीनेक आठवडे चालायचं, त्यामुळे आधीच्या निकालांची हवा पुढच्या सीटवर लागायची. मतदान गुप्त होतं, ते १८७२ पासून. केंद्रं सकाळी ८ ते रात्री ८ उघडी, हाही १८८५ पासूनचा नियम, आणि कामगारांच्या मतदारसंघात तो निर्णायक: कारखाना सुटल्यावर येऊन मत देता यायचं. संध्याकाळी साडेसहाला केंद्र बंद झालं असतं तर दादाभाईंना ती ३ मतं मिळाली असती का, कोण जाणे.

मोजणी: दादाभाई २९५९, पेंटन २९५६.

एकूण ५९१५ मतं आणि फरक ३ चा. नौरोजी या आडनावावर ‘नॅरो मेजॉरिटी’ अशी कोटी लगेच झाली आणि चिकटली ती चिकटलीच. पेंटन यांनी निकालाविरुद्ध दाद मागितली, पुढे ती मागे घेतली. काही ठिकाणी ५ मतं असा आकडा वाचायला मिळतो, पण नोंदीतला निकाल ३ चाच आहे.

‘पहिले भारतीय खासदार’ या बिरुदाला एक तळटीप जोडायला हवी. मेरठजवळच्या सरधन्याचा, भारतीय आणि युरोपीय रक्ताचा डायस सोम्ब्रे १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला होता. पण तिथे मतं विकत घेतली गेल्याचं सिद्ध झालं आणि १८४२ मध्ये निवडणूकच रद्द झाली. त्यामुळे दादाभाईंना पहिले म्हणण्यात चूक नाही, फक्त ‘नीट टिकलेले पहिले’ असं मनात धरावं.

तीन वर्षांत काय झालं

दादाभाईंनी बायबलऐवजी आपल्या खोर्दे अवेस्तावर, म्हणजे पारशी प्रार्थनापुस्तकावर, हात ठेवून शपथ घेतली. ग्लॅडस्टन यांचं सरकार आयरिश खासदारांच्या आधारावर उभं होतं, त्यामुळे एकेका सीटला किंमत होती. १८९३ चं आयरिश स्वराज्याचं विधेयक लोकसभागृहात ३४ मतांनी पार झालं. वरच्या सभागृहाने, म्हणजे लॉर्ड्सनी, ४१९ विरुद्ध ४१ अशा मतांनी ते फेकून दिलं.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस २ जून १८९३. आय.सी.एस.ची परीक्षा लंडनबरोबर भारतातही त्याच वेळी घ्यावी, असा ठराव हर्बर्ट पॉल यांनी मांडला, दादाभाईंनी बाजू लढवली, आणि ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो मंजूर झाला. अंमलबजावणी? सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला. ठराव म्हणजे कायदा नव्हे, सभागृहाने व्यक्त केलेलं मत, आणि सरकारला नको असलं की ते मत पाळणं बंधनकारक नसतं. संसदीय पद्धतीतली ही फट दादाभाईंना चांगलीच महागात पडली.

दुसरी कमाई टिकाऊ ठरली. भारताच्या खर्चाची चौकशी करणारा आयोग १८९५ मध्ये नेमला गेला, अध्यक्ष लॉर्ड वेल्बी, आणि दादाभाई सदस्य. १८९७ मध्ये याच आयोगापुढे साक्ष द्यायला पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले लंडनला गेले. तिशीतला प्राध्यापक माणूस आकडेवारी घेऊन उलटतपासणीला उभा राहिला आणि त्याचं नाव झालं ते तिथे. तोवर दादाभाईंची खासदारकी मात्र गेलेली होती.

लाट येते, लाट जाते

१८९५ मध्ये देशभर हुजुरांची लाट आली. तीन मतांच्या सीटला लाट लागत नाही, झुळूकही पुरते. हुजूर पक्षाचे विल्यम मॅसी-मेनवेरिंग निवडून आले. यात दादाभाईंच्या कामाचा निवाडा झाला असं मला वाटत नाही. कामाबद्दल बोलायचं तर आधी हे पाहा: सेंट्रल फिन्सबरीचा निकाल आणि देशाचा कल यांचं जवळपास प्रत्येक वेळी जुळतं. १८८५ ला लिबरल, १८८६ ला हुजूर, १८९२ ला लिबरल, १८९५ ला हुजूर, १९०० ला पुन्हा हुजूर, १९०६ ला लिबरल-मजूर. उमेदवाराने कमवायची असतात ती शेवटची शंभर-दोनशे मतं, आणि १८९२ ला दादाभाईंनी ती कमावली. गंमत म्हणजे त्याच १८९५ च्या लाटेत मुंबईचेच दुसरे पारशी, मंचरजी भावनगरी, लंडनच्या बेथनल ग्रीनमधून निवडून आले, हुजूर पक्षातर्फे. रंग, धर्म, गाव सारखं. पक्ष वेगळा, निकाल वेगळा. सॉल्झबरींच्याच पक्षाने सॉल्झबरींना खोटं पाडलं.

मॅसी-मेनवेरिंग कलावस्तूंचे संग्राहक. त्यांच्या खात्यावर एक चांगलं काम आहे: सरकारी संग्रहालयं रविवारी उघडी ठेवावीत हा ठराव त्यांनी १८९६ मध्ये मांडून मंजूर करून घेतला. धार्मिक मंडळींचा विरोध होता, पण सोन्यावर नक्षी काढणाऱ्या कारागिराला जुनी नक्षी बघायला सुट्टीचा दिवस एकच मिळायचा.

१९०६ च्या लिबरल लाटेत विल्यम स्टेडमन आले. बोटी बांधणाऱ्या कामगारांच्या युनियनचे सेक्रेटरी. पुढे मजूर पक्ष ज्यातून निघाला ती १९०० ची परिषद यांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती, तीही इथून हाकेच्या अंतरावर, फॅरिंग्डन स्ट्रीटवर. तरी स्वतः ते लिबरलांच्या छत्रीखालीच राहिले. निसटत्या विजयाचा त्यांनाही सराव होता: १८९८ ची स्टेपनीची पोटनिवडणूक त्यांनी २० मतांनी मारली होती.

जानेवारी १९१० मध्ये हुजूर पक्षाचे मार्टिन आर्चर-शी यांनी सीट काढून घेतली. त्यांचा सावत्र भाऊ जॉर्ज हा नौदलाच्या शाळेतला कोवळा विद्यार्थी. पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा ठपका ठेवून १९०८ मध्ये त्याला काढून टाकलं होतं. घरच्यांनी एडवर्ड कार्सनसारखा वकील देऊन नौदल खात्याशी झुंज दिली आणि जुलै १९१० मध्ये खात्याला पोरगा निर्दोष आहे हे कबूल करावं लागलं. चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, तो ईप्रच्या लढाईत मारला गेला.

त्या युद्धामुळे डिसेंबर १९१० नंतर आठ वर्षं सार्वत्रिक निवडणूकच झाली नाही. आर्चर-शी तेवढी वर्षं बसून राहिले आणि या सीटवर सर्वांत निवांत खासदारकी त्यांनाच मिळाली. १९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरच्या जवळपास सगळ्या पुरुषांना आणि ३० वर्षांवरच्या, काही अटींत बसणाऱ्या बायकांना मत मिळालं. वर्षभराच्या वास्तव्याची अट सहा महिन्यांवर आली. सोबत पुनर्रचना झाली आणि पूर्व नि मध्य हे दोन्ही विभाग जाऊन फिन्सबरी हा एकच मतदारसंघ उरला.

नव्या सीटवर १९१८ आणि १९२२ ला आर्चर-शीच आले. १९२३ मध्ये मजूर पक्षाच्या जॉर्ज गिलेट यांनी त्यांना पाडलं. गिलेटना ज्यांनी मत दिलं त्यांत १८९२ च्या यादीत कधीच नाव न लागलेले पुष्कळ होते: भाड्याच्या खोलीतले, बापाच्या घरातले, आणि अर्थात बायका. १९५० मध्ये फिन्सबरी शोरडिचला जोडलं गेलं, १९७४ पासून ते ‘इझलिंग्टन साउथ अँड फिन्सबरी’मध्ये आहे, आणि तिथे बालेकिल्ला म्हणावा अशी सवय मजूर पक्षाला लागली आहे. क्लार्कनवेलमध्ये आज नौरोजी स्ट्रीट नावाचा एक छोटा रस्ता आहे, आणि तिथून चालत जाता येईल अशा रोझबरी ॲव्हेन्यूवरच्या जुन्या टाउन हॉलवर दादाभाईंच्या नावाची पाटीही आहे.